‘रेस्पाइट’ : उसंत कीं सुटका ?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं महाराष्ट्र शासनानें राज्यांतील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या चाळिसांत पुणें जिल्ह्यांतील शिरूर व दौंड हे दोन तालुकेहि होते. अशा प्रसंगीं सवलतींची एक यादी प्रसिद्ध होत असते. त्या यादींत एके ठिकाणीं जमीन-महसुलांत ‘सूट’ असा शब्द येतो, आणि दुसऱ्या ठिकाणीं शेतीशीं निगडित कर्जांच्या वसुलीस ‘स्थगिति’ असा शब्द येतो. शहरांत सकाळचें वर्तमानपत्र चाळणाऱ्यास हे दोन शब्द एकाच अर्थाचे वाटतात. शेतकऱ्यास कांहींतरी दिलासा मिळाला, एवढें समजून तो पान उलटतो. परंतु शिरूरच्या किंवा दौंडच्या खातेदाराच्या दृष्टीनें या दोन शब्दांतील अंतर फार मोठें आहे. पहिल्यानें त्याच्या डोक्यावरचें कांहीं ओझें कायमचें उतरतें. दुसऱ्यानें तें ओझें तसेंच राहतें, केवळ तें मोजून घेण्याचा दिवस पुढें जातो.

या दुसऱ्या प्रकारच्या तात्पुरत्या सुखासाठीं इंग्रजी भाषेंत एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे ‘रेस्पाइट’. इंग्रजी वाचणाऱ्या मराठी घरांतून तो नित्य भेटतो, पण त्याच्या अर्थाची कड बहुधा नीट पाहिली जात नाहीं. उच्चाराविषयींहि घोटाळा होतो. इंग्लंडांत या शब्दाचा शेवट ‘पाइट’ असाहि केला जातो आणि ‘पिट’ असाहि. अमेरिकेंत ‘रेस्पिट’ हाच उच्चार रूढ आहे. आघात मात्र दोन्हीकडे पहिल्याच अवयवावर पडतो.

शब्दाचें कुळ पाहिलें म्हणजे अर्थावर बराच प्रकाश पडतो. लॅटिन भाषेंत ‘रे’ म्हणजे मागें किंवा पुनः, आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणें. या दोहोंपासून ‘रेस्पेक्टुस’, म्हणजे मागें वळून पाहणें, असा शब्द झाला. जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेनें त्याचें रूप बदललें आणि तो इंग्रजींत ‘रेस्पाइट’ म्हणून आला. तोच लॅटिन शब्द निराळ्या वाटेनें येऊन ‘रिस्पेक्ट’, म्हणजे आदर, झाला. तेव्हां आदर आणि उसंत हीं इंग्रजींत एकाच मातेचीं लेंकरें आहेत. दोहोंच्या मुळाशीं एकच क्रिया आहे : घाईनें पुढें न जातां मान वळवून पुनः एकदां पाहणें. ही मूळची क्रिया ध्यानांत ठेवावी. कारण पुढें शिरूर-भीमथडीच्या इतिहासांत तिचें महत्त्व दिसून येणार आहे.

याच अर्थाच्या आसपास वावरणारे आणखी तीन इंग्रजी शब्द आहेत. त्यांच्याशीं ‘रेस्पाइट’ची गल्लत होऊं नये. ‘रिलीफ’ हा शब्द पुनः उचलणें, हलकें करणें, या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. त्यांत ओझें खरोखर कमी होतें. ‘रिप्रीव्ह’ हा शब्द परत घेणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचा वंशज. फांशीची शिक्षा झालेल्या कैद्याला तूर्त परत तुरुंगांत नेण्याशीं त्याचा संबंध आला आणि त्यावरून शिक्षेची अंमलबजावणी लांबणें हा अर्थ रूढ झाला. ‘मोरॅटोरियम’ हा शब्द विलंब करणें या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून बनला. देणें फेडण्यास अधिकारानें दिलेली सार्वत्रिक मुदत, असा त्याचा अर्थ. भारताच्या संविधानाच्या ७२ व्या आणि १६१ व्या अनुच्छेदांत राष्ट्रपति व राज्यपाल यांच्या दयेच्या अधिकाराचें वर्णन आहे. त्याच्या इंग्रजी पाठांत ‘पार्डन’, ‘रिप्रीव्ह’, ‘रेस्पाइट’ आणि ‘रेमिशन’ असे चार शब्द ओळीनें ठेवलेले आढळतात. घटनाकारांना हे चार शब्द एकच वाटले असते, तर त्यांनीं चार लिहिले नसते. पहिल्यानें अपराधाची क्षमा होते, दुसऱ्यानें शिक्षा लांबते, चौथ्यानें शिक्षेचें परिमाण घटतें. आणि तिसऱ्याचा, म्हणजे ‘रेस्पाइट’चा, अर्थ भाष्यकार असा करतात कीं, गरोदरपणासारखी एखादी विशेष परिस्थिति ध्यानांत घेऊन शिक्षेच्या बाबतींत सवलत द्यावयाची. येथेंहि तोच धागा आहे : माणसाकडे पुनः एकदां पाहणें.

आतां मराठीकडे वळावें. या एका इंग्रजी शब्दासाठीं मराठींत एकच शब्द शोधणें व्यर्थ आहे. प्रसंगाप्रमाणें शब्द बदलावा लागतो, आणि आपल्या भाषेचा संसार या बाबतींत मुळींच दरिद्री नाहीं. संततधार पाऊस घटकाभर थांबला, तर पावसानें ‘उघडीप’ दिली असें म्हणतात. कामाच्या रगाड्यांत ‘उसंत’ मिळते, चढावर ‘विसावा’ घेतला जातो, धावणारा ‘दम’ खातो. दुखण्यास ‘उतार’ पडतो. पण औषधाचा ‘गुण’ येणें ही गोष्ट निराळी. घरांतील वडीलधारी स्त्री ‘ताप उतरला’ आणि ‘ताप निघाला’ या दोहोंत कधीं गफलत करीत नाहीं. ताप उतरला म्हणजे तो रात्रीं पुनः चढेल, हें तिला ठाऊक असतें. इंग्रजी ‘रेस्पाइट’चा अर्थ या ‘उतरण्या’चा आहे, ‘निघण्या’चा नव्हे. उन्हाळ्यांत इंग्रजी वृत्तपत्रें उकाड्यापासून ‘रेस्पाइट’ नाहीं असें लिहितात, तेव्हां उन्हाळा संपत नाहीं अशी त्यांची तक्रार नसते. मधली एखादी थंड संध्याकाळहि लाभत नाहीं, एवढेंच त्यांना सांगावयाचें असतें.

अलीकडे याच शब्दाचा एक नवा उपयोग रूढ झाला आहे, आणि तो शहरांतील कुटुंबांस जवळचा आहे. घरांत कोणी दीर्घकाळ अंथरुणास खिळलेलें असलें, म्हणजे त्याची शुश्रूषा करणारी व्यक्तिहि हळूहळू खचत जाते. अशा वेळीं कांहीं दिवसांपुरता तो भार दुसऱ्यानें उचलणें, यास ‘रेस्पाइट केअर’ म्हणतात. येथें उसंत रोग्यासाठीं नसते, शुश्रूषा करणाऱ्यासाठीं असते. दुखणें तेंच राहतें, सेवाहि तीच राहते. मधल्या काळांत सेवा करणाऱ्याच्या अंगीं बळ येतें, इतकेंच. पण ‘इतकेंच’ म्हणण्याजोगी ती गोष्ट नव्हे, हें ज्यानें अशी सेवा केली असेल त्यासच कळेल.

हे झाले घरगुती शब्द. दप्तरांतील शब्द निराळे, आणि ते बहुतेक फारशी-अरबी वळणाचे आहेत : ‘मुदत’, ‘तहकुबी’, ‘माफी’, ‘हप्ता’. हप्ता हा शब्द मूळचा सात दिवसांच्या आठवड्याचा. मराठींत तो थोडथोडें फेडण्याच्या देण्यास लागला. ‘स्थगित’ हा संस्कृत शब्द आहे, पण संस्कृतांत त्याचा मूळ अर्थ ‘झांकलेलें’ असा आहे. हा अर्थ मोठा मार्मिक म्हणावा लागेल. ज्या देण्यास स्थगिति मिळाली, तें देणें झांकलें गेलें; नाहींसें झालें नाहीं. ‘तहकुबी’ आणि ‘माफी’ यांत जुन्या महसुली कारभारानें नेहमींच भेद केला. मुंबई इलाख्यांत पीक चार आण्यांच्या आंत असल्यास त्या वर्षाच्या संपूर्ण साऱ्याची तहकुबी मागतां येई. १९१८ सालच्या खेड्याच्या सत्याग्रहांतील वाद याच नियमावर उभा होता. तहकूब झालेला सारा पुढच्या चांगल्या सालीं डोक्यावर येई, आणि एका पिकांतून दोन सालांचें देणें भागवावें लागे. ज्यानें तहकुबीला माफी समजून घरांतलें धान्य विकून टाकलें, त्याची अशा वेळीं काय गत होत असेल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

या शब्दांचा खरा कस शिरूर व दौंड याच मुलखांत, १८७५ सालीं लागला. घोड नदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड, हीं दोन्ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. येथील पाऊस थोडा आणि बेभरंवशाचा. बाजरी व ज्वारी हीं मुख्य पिकें. आजच्या दौंड तालुक्याचा मुलूख तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडत असे. सुपें हें बाजाराचें गांवहि त्याच तालुक्यांत होतें. आज तें बारामती तालुक्यांत आहे. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें, त्यामुळें कापसाचे भाव चढले. त्याच सुमारास रेल्वेच्या कामांनींहि पैसा खेळता झाला, आणि सावकारांनीं कर्ज देतांना हात सैल सोडला. युद्ध संपतांच भाव उतरले. इतक्यांत जुन्या पाहणीची तीस वर्षांची मुदत भरून १८६७ च्या सुमारास इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांत साऱ्याचे नवे दर बसूं लागले, आणि ते बरेच वाढीव होते. उत्पन्न घटलें, सारा वाढला, आणि मधली तूट खतावर चढली.

आणि या खताच्या पोटांतच एक फसवी उसंत दडलेली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें न नोंदलेल्या खतावर तीन वर्षांच्या आंत दावा करणें सावकारास भाग पडलें. ऋणकोचें संरक्षण व्हावें हा कायद्याचा हेतु. परंतु तीन वर्षें भरत आलीं म्हणजे सावकार म्हणे, “दावा करूं, कीं खत नवें करून देतोस ?” कुणबी अर्थात् खत नवें करून देई, त्याला आणखी तीन वर्षांची मुदत मिळे. त्या मुदतीची किंमत काय, हें एका साध्या हिशेबावरून दिसेल. शेंकडा दरमहा दोन रुपये व्याजानें घेतलेल्या शंभर रुपयांवर तीन वर्षांचें व्याज बहात्तर रुपये. नव्या खतांत मुद्दल एकशें बहात्तर लिहिलें जाई. आणखी तीन वर्षांनीं त्यावर जवळजवळ एकशें चोवीस रुपये व्याज. म्हणजे सहा वर्षांत शंभराचे सुमारें दोनशें शहाण्णव. मुद्दलाइतकेंच व्याज घ्यावें, त्याहून अधिक नव्हे, हा दामदुपटीचा जुना नियम हिंदु ऋणकोस लागू होता. पण व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर तो नियम तरी काय करणार? प्रत्येक वेळीं कुणब्याच्या हातीं पडे ती उसंत, आणि प्रत्येक उसंतीनिशीं फांस अधिक आवळत जाई. मुदत मिळत होती, पण त्या मुदतींत हिशेबाकडे मागें वळून पाहणारा कोणी नव्हता. शब्दाचें शरीर होतें, त्यांतील प्राण गेला होता.

१८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं एका सावकारानें सुमारें दीडशें रुपयांच्या हुकूमनाम्यापायीं तेथील देशमुखाचें घर पाडावयास घेतलें. गांव खवळलें. परंतु गांवानें हात उगारला नाहीं; त्यानें त्या सावकाराशीं व्यवहार तोडला. त्याचें शेत कोणी कसेना, त्याच्या घरीं कोणी पाणी भरीना, त्याची हजामतहि कोणी करीना.

सरकारनेंहि या सुमारास दोन पावलें उचललीं. १८७४ सालीं असें ठरविण्यांत आलें कीं, फेरपाहणींत साऱ्याची वाढ एखाद्या तालुक्यावर किंवा गांवांच्या गटावर शेंकडा ३३, एका गांवावर शेंकडा ६६ आणि एका खातेदारावर शेंकडा १०० याहून अधिक असूं नये. आणि १८७५ च्या आरंभीं असा हुकूम निघाला कीं, सारा थकल्यास आधीं जंगम मालमत्ता विकावी, जमिनीस एकदम हात घालूं नये. हेतु दयेचा होता. परिणाम उलटा झाला. सावकार इतके दिवस कुळाचा सारा भरीत, तो जमीन सरकारजमा होऊं नये म्हणून. ती भीति कमी होतांच पुष्कळांनीं सारा भरण्यास नकार दिला. कुणब्याच्या दृष्टीनें पाहतां, सरकारी दप्तरांत त्याला उसंत मिळाली आणि त्याच दिवशीं गांवच्या दुकानांत ती हिरावली गेली. सावकाराचीहि एक बाजू होती, हें विसरतां कामा नये. लहान गांवांतील पुष्कळसे सावकार स्वतः मोठ्या पेढ्यांचे देणेकरी असत. भाव पडल्यावर थांबणें त्यांनाहि कठीणच होतें.

१२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत दंगा झाला. तेथून तो भीमथडी व शिरूर तालुक्यांत, आणि नदीपलीकडे अहमदनगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें इकडे पसरला. या दंग्यांची एक गोष्ट चौकशी करणाऱ्यांच्या ध्यानांत विशेष आली. जमावाला हवीं होतीं तीं खतें आणि हुकूमनामे. सावकारानें कागद हवालीं केले, तर बहुतेक ठिकाणीं त्याच्या अंगास धक्का लागला नाहीं. त्यानें नकार दिला, तर घर पेटविण्यापर्यंत मजल गेली. हें कृत्य बेकायदा होतें आणि शेंकडों लोकांना त्याबद्दल पकडण्यांत आलें. तरीपण त्याचा अर्थ स्पष्ट आहे. हिशेब पुनः पाहणारा कोणीच उरला नव्हता, म्हणून लोकांनीं हिशेबच जाळला.

यानंतर सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें, आणि त्याच्या अहवालानंतर १८७९ चा सतरावा कायदा झाला. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या ‘रिलीफ’चा कायदा असें त्याचें नांव, तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. नांवांत ‘रिलीफ’ असलें, तरी त्याचा गाभा ‘रेस्पाइट’च्या मूळ अर्थाचा होता. शेतकऱ्यावर पैशाचा दावा आला, तर न्यायाधीशानें केवळ शेवटचें खत पाहून निकाल द्यावयाचा नाहीं. व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागें जाऊन मुद्दल किती, व्याज किती, परत किती आलें, याचा हिशेब त्यानें नव्यानें मांडावयाचा, असें कायद्यानें फर्माविलें. ठरलेली रक्कम हप्त्यांनीं फेडण्याची परवानगी देतां येऊं लागली. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकण्याची चाल बंद झाली. दाव्याची मुदत न नोंदलेल्या खतास सहा आणि नोंदलेल्या खतास बारा वर्षें झाली, म्हणजे दर तीन वर्षांनीं खत नवें करण्याचें कारण उरलें नाहीं. ‘रेस्पेक्टुस’, मागें वळून पाहणें, हा लॅटिन अर्थ भीमथडीच्या कोर्टांत असा प्रत्यक्ष उतरला.

या कायद्यानें सर्व कांहीं साधलें, असें मात्र नव्हे. कित्येक सावकारांनीं कर्ज देणेंच आखडतें घेतलें. कित्येकांनीं गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहून घेण्याची युक्ति काढली. पुढें १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, आणि १९३९ व १९४७ सालीं मुंबई प्रांतांत कर्जनिवारणाचे कायदे झाले. तथापि त्या सर्वांतून जें सूत्र पुढें आलें, तें १८७९ सालचेंच होतें : केवळ दिवस पुढें ढकलून भागत नाहीं, हिशेब तपासावा लागतो.

शहरी घरांनीं ही जुनी कुणबावू गोष्ट म्हणून बाजूस सारूं नये. २७ मार्च २०२० रोजीं, महामारीच्या दिवसांत, रिझर्व्ह बँकेनें कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची मुदत देण्याची बँकांना मोकळीक दिली. पुढें ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. ‘मोरॅटोरियम’ हा शब्द त्या वर्षीं घरोघर झाला. हप्ते थांबले म्हणजे व्याजहि थांबलें, अशी पुष्कळांची समजूत झाली. वस्तुतः व्याज चालूच होतें, आणि त्या व्याजावरहि व्याज चढावें कीं नाहीं, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयांत गेला. मुदतीच्या काळांतील व्याजावर व्याज आकारूं नये, असा निर्णय त्या न्यायालयानें २३ मार्च २०२१ रोजीं दिला. मूळचें साधें व्याज मात्र भरावेंच लागलें. खत नवें करतांना शंभराचे एकशें बहात्तर होतांना पाहणाऱ्या कुणब्यास हा वाद तत्काळ समजला असता.

तेव्हां ‘रेस्पाइट’ हा शब्द कानावर आला, किंवा मराठींत मुदत, तहकुबी, स्थगिति यांपैकीं कोणताहि शब्द सरकारी कागदावर दिसला, तर सुज्ञ माणसानें तीन प्रश्न विचारावे. ही उसंत किती दिवसांची ? तेवढ्या दिवसांत व्याज चालू राहणार कीं थांबणार ? आणि या दिवसांत मूळ हिशेब पुनः कोण पाहणार ? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें बहुधा कागदावरच छापलेलीं असतात. तिसऱ्याचें उत्तर क्वचितच छापलेलें आढळतें, आणि सारा भार असतो तो त्याच्यावर. भाषांतर करणाऱ्यानेंहि हा विवेक ठेवावा. ‘रेस्पाइट’ला ‘सुटका’ म्हणूं नये, ‘माफी’ तर मुळींच म्हणूं नये. दुखण्याच्या प्रसंगीं ‘उतार’, कष्टाच्या प्रसंगीं ‘विसावा’, पावसाच्या प्रसंगीं ‘उघडीप’ आणि देण्याच्या प्रसंगीं ‘मुदत’ किंवा ‘तहकुबी’, असे ठरलेले शब्द ठरलेल्या जागीं योजले, तर वाचणाऱ्याची फसगत होणार नाहीं.

शिरूरच्या किंवा दौंडच्या खातेदारास दुष्काळाच्या सालीं वसुलीस स्थगिति मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्या काळांत त्याची जनावरें जगतात, मुलांची शाळा सुटत नाहीं, विहिरीस पाणी येण्याची वाट पाहतां येते. पण पुढच्या सालीं पीक आल्यावर दोन सालांचें देणें एकदम त्याच्या दारीं उभें राहूं नये, अशी इच्छा असेल, तर त्या उसंतीच्या काळांत देणाऱ्यानें आणि घेणाऱ्यानें एकत्र बसून वही उघडली पाहिजे. मुदत देणें ही दया झाली. मुदतींत मागें वळून पाहणें हा न्याय होय. जुन्या लॅटिन शब्दांत या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. व्यवहारांतहि त्या एकत्र राहाव्या.